अनुभव धागा: आज कुणाच्या तोंडी नसलेलं जुनं अ‍ॅनिमे, जुना मंगा

कागदीघोडा:
नवीन काय बघू असं विचारलं की सल्ला द्यायला झुंबड उडते. जुनं काय बघू म्हटलं की मियाझाकीचे दोन सिनेमे, एक 'ड्रॅगन बॉल', आणि मंडळी गप्प. बाकीचं कुणी पाहिलंच नाही असं नसतं. पाहणारा एकटाच पाहतो, आणि घरातले त्याला 'अजून कार्टून बघतोस?' म्हणतात, त्यामुळे तो बोलत नाही.

म्हणून हा धागा. साधारण २००५ च्या आधीचं एखादं अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) किंवा मंगा (जपानी कॉमिक्स) घ्या. ते तुमच्यापर्यंत कसं आलं, त्यातलं काय मनात राहिलं, आज कुणाला द्याल नि कुणाला मुळीच देणार नाही, ते लिहा. शेवट फोडू नका.

मोगलीची हजेरी मीच लावून टाकते: निप्पॉन अ‍ॅनिमेशनची १९८९ ची मालिका, ५२ भाग, हिंदीत गुलजारांचं गाणं, विशाल भारद्वाज यांचं संगीत, शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज. झालं. आता त्याच्या पलीकडचं बोला.

रब्बीहंगाम:
इसाओ ताकाहाताचा 'ओन्ली यस्टरडे', १९९१. आहे मियाझाकीवाल्या स्टुडिओ घिबलीचाच, पण भुतंखेतं नाहीत, उडती यंत्रं नाहीत, म्हणून यादीत नेहमी तळाला. टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको सुट्टी काढून यामागाताकडच्या एका शेतावर फुलं खुडायला जाते, आणि तिच्याबरोबर तिची पाचवीतली आठवणही गाडीत बसते.

मी सोलापूर जिल्ह्यातला, घरची कोरडवाहू शेती, स्वतः पुण्यात नोकरीला. बहिणीने सिनेमा लावला होता, मी येताजाता बघत होतो. पिवळं-केशरी शेत आलं आणि मी म्हटलं, अगं, ही करडई आहे. 'काहीही हं दादा,' ती म्हणाली. पण करडईच ती! माणसं अंधारात उठून दव असतानाच खुडायला निघतात, कारण ऊन चढलं की काटे कडक होतात. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते तीसुद्धा याच कारणासाठी भल्या पहाटे, हाताला फडकी गुंडाळून. आता बिनकाट्याचे वाण आलेत, फलटणच्या निंबकर संस्थेचा 'नारी-६' त्यातलाच. आमच्या आजीचं आयुष्य मात्र काट्यांच्याच करडईत गेलं.

आपण करडई लावतो तेलासाठी, कोवळी असताना पानांच्या भाजीसाठी. तिथे पाकळ्यांतून लाल रंग काढतात. पाकळ्या कुटायच्या, आंबवायच्या, वड्या थापून वाळवायच्या, हे सगळं सिनेमा घाई न करता दाखवतो. ताएको सांगते की पूर्वी ही फुलं खुडणाऱ्या मुलींना त्यापासून होणारी ओठांची लाली स्वतः लावायला कधी मिळाली नाही. आमच्याकडे डाळिंबाच्या बागेत काम करणाऱ्या बायका आठवल्या. एक नंबरचा माल पेटीत जातो, फुटका त्यांच्या घरी.

दुसरी गोष्ट तोशिओची. सेंद्रिय शेती करणारा हा पोरगा गाडीत हंगेरीची लोकगीतं लावतो, का तर ती शेतकऱ्यांची गाणी आहेत. ताएको समोरच्या हिरवाईकडे बघून निसर्ग, निसर्ग करते तेव्हा तो म्हणतो की ही झाडी, हा ओढा, सगळं माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून असं केलेलं आहे. 'तुमचं काय बाबा, गावाकडे निवांत' म्हणणाऱ्या आमच्या ऑफिसातल्या मंडळींना मी हाच प्रसंग दाखवतो. कुणाला देणार नाही? ज्यांना पहिल्या वीस मिनिटांत काहीतरी घडायला लागतं त्यांना.

मधलीसुट्टी:
रब्बीहंगाम, अननस कसा विसरलात! घरात पहिल्यांदाच अननस येतो, कापायचा कसा कुणालाच माहीत नाही. मग एकदाचा कापतात, सगळे मोठ्या अपेक्षेने घास घेतात, आणि तो गोडच नसतो. एकेक जण फोड खाली ठेवतं, ताएको हट्टाने खात राहते. बस्स. माझ्या मते चित्रपटातला सगळ्यात खरा प्रसंग.

मोठ्या ताएकोच्या भागात आवाज आधी ध्वनिमुद्रित केले आणि मग चेहरे काढले, म्हणून हसताना तिच्या गालांवर रेषा उमटतात. माझ्या मुलीला त्या मुळीच आवडल्या नाहीत, 'आई, ती म्हातारी दिसते'. सत्तावीस म्हणजे म्हातारी. असो.

घाटमाथा:
'द समिट ऑफ द गॉड्स'. बाकु युमेमाकुराच्या कादंबरीवरून जिरो तानिगुचीने काढलेला मंगा, २००० ते २००३, पाच जाडजूड खंड. २०२१ मध्ये यावर फ्रेंच अ‍ॅनिमेशनपट आला, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. छान आहे, पण दीड तासात बसवायचा म्हणून निम्मा डोंगर कापलाय.

सुरुवात काठमांडूतल्या एका दुकानात. फुकामाची या छायाचित्रकाराला एक जुना कोडॅक वेस्ट पॉकेट कॅमेरा मिळतो. १९२४ च्या ८ जूनला एव्हरेस्टच्या वरच्या टप्प्यात दिसेनासे झालेले गिर्यारोहक मॅलरी आणि अर्विन यांच्याकडे असाच कॅमेरा होता. फिल्ममध्ये शिखराचा फोटो असेल तर हिलरी-तेनसिंगच्या २९ वर्षं आधीच कुणीतरी वर पोचलं होतं. या रहस्यापायी तुम्ही पुस्तक उघडता, आणि शंभरेक पानांत रहस्य विसरून हाबु जोजी या गिर्यारोहकाच्या मागे लागता. अत्यंत तिरसट माणूस. आल्प्समधल्या ग्रांद जोरासच्या भिंतीवरून पडल्यावर एक हात, एक पाय आणि दात यांच्या जोरावर परत वर चढतो.

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, कोकणकड्यावर दोराला लोंबकळण्यात उमर गेली त्यांची. चित्रांची पुस्तकं म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं. मी पहिला खंड ठेवून आलो. नंतर फोन आला तो दोराबद्दल: 'अरे, हा माणूस गाठी बरोबर काढतोय.' क्रॅम्पॉनचे (बुटाखाली बांधायच्या खिळ्यांचे) दात बर्फात किती रुततात, बिव्हॅकमध्ये (उघड्यावरच्या रात्रीच्या मुक्कामात) माणूस कुठल्या अंगावर बसतो, थंडीत जळत्या स्टोव्हकडे कसा बघत राहतो, हे तानिगुचीने पानोपानी काढलंय. काही पानांवर एक शब्द नाही, नुसता कातळ. मराठीत गिर्यारोहणावर आपण पुष्कळ लिहितो, पण सोबत्याचा दोर आणि आपला जीव यातलं गणित इतक्या उघडपणे फार थोड्या ठिकाणी वाचलं.

बायकांच्या नशिबी यात फक्त वाट बघणं आहे, हे मात्र नोंदवतो. बायकोने तेच आधी नोंदवलं.

ठोसा:
'अशिता नो जो'. १९६८ ते १९७३. बॉक्सिंग. तेत्सुया चिबाची चित्रं. यातलं एक पात्र, रिकिइशी, कथेत मेलं तेव्हा २४ मार्च १९७० ला प्रकाशकाच्या इमारतीत त्याची खरीखुरी अंत्ययात्रा झाली, शेकडो लोक आले, पुढाकार कवी-नाटककार शुजी तेरायामाचा. त्याच महिन्यात जपानी विमान पळवणाऱ्या डाव्या गटाने आपल्या निवेदनात 'आम्ही अशिता नो जो आहोत' असं म्हटलं. आणि आपण म्हणतो कॉमिक्स पोरासोरांसाठी. जुनी चित्रं बघून पहिल्या भागात सोडू नका, एवढंच.

सामायिकनळ:
रुमिको ताकाहाशीचा 'मेझॉन इक्कोकु', १९८० ते १९८७, पंधरा खंड. ताकाहाशीचं 'रानमा' आणि 'इनुयाशा' सगळ्यांना माहीत, हा मधल्यामधे राहिला.

मी गिरगावात वाढले. लाकडी जिना, भिंतीतून ऐकू येणारं भांडण, सगळ्यांना मिळून एक फोन, हे मला कुणी समजावून सांगायला नको. इक्कोकु-कान ही तशीच मोडकळीला आलेली दुमजली इमारत. शेजारचा योत्सुया भिंतीला भोक पाडून सरळ खोलीत येतो, इचिनोसेबाई दुपारपासून बाटली उघडून बसतात. प्रवेश परीक्षेत नापास झालेला गोदाई तिथे कसाबसा अभ्यास करतो आणि नव्याने आलेल्या व्यवस्थापक बाईच्या, क्योकोच्या, प्रेमात पडतो. क्योको विधवा आहे. लग्नानंतर काही महिन्यांतच नवरा गेला. तिच्या कुत्र्याचं नाव तिने नवऱ्याचंच ठेवलंय, सोइचिरो-सान. यावर आधी हसू येतं. नंतर येत नाही.

मला आवडलं ते तिचे सासरे. 'पोरी, तू अजून लहान आहेस, आमचं आडनाव सोड, पुढे जा' असं सुनेला सांगणारा सासरा. आणि अडून बसते ती क्योको, कारण पुढे गेलं म्हणजे आपलं पहिलं प्रेम खोटं ठरलं असं तिला वाटतं. आमच्या चाळीत एक काकू होत्या, वयाच्या तिशीच्या आत तशाच राहिल्या. त्यांचं दुसरं लग्न व्हावं असं सगळ्यांना वाटायचं, पण त्यांना काय वाटतं हे विचारलं कुणीच नाही. ताकाहाशी सात वर्षं तेवढंच विचारत बसते. वाचकांचीही वर्षं पात्रांबरोबरच सरत होती. गोदाई शेवटी क्योकोच्या नवऱ्याच्या थडग्यापुढे एकटाच उभा राहून जे बोलतो ते इथे लिहीत नाही, पंधरावा खंड वाचा.

ठोसा:
ताई, पण त्यातले डोकावण्याचे, खोलीत घुसण्याचे विनोद? माझ्या धाकट्या बहिणीने तिसऱ्या खंडात पुस्तक परत केलं.

सामायिकनळ:
तिचं बरोबर आहे. गोदाई दारू पिऊन बोंबलतो तेही तेव्हा गोड मानलं जायचं, आज नाही. मी ती पानं भरभर उलटते. पण क्योको मत्सरी, हट्टी, सोयीस्कर विसरणारी बाई आहे आणि तरी नायिका आहे, हे त्या काळातल्या मुलांच्या मासिकांत फार मिळणार नाही.

नागनदी:
ओसामू तेझुकाचा 'बुद्ध', १९७२ ते १९८३. भारतीय आवृत्ती आठ खंडांत निघाली होती, मला नागपुरात एका पुस्तक प्रदर्शनात सुटे खंड मिळाले.

आमच्या घरात बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचून आम्ही मोठे झालो. त्यात सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचं भांडण होतं म्हणून. म्हातारा, आजारी, प्रेत बघून नव्हे. तेझुका जुनी दंतकथाही घेतो, चमत्कारही घेतो, वर स्वतः मधेच विनोद करायला हजर. आईला हे मुळीच पटलं नाही. 'हे बुद्ध नव्हेत,' म्हणाली आणि पुस्तक मिटलं.

मी मात्र पहिल्या खंडातल्या चाप्रावर अडकलो. शूद्र मुलगा, कोसलच्या सेनापतीचा जीव वाचवतो, जन्म लपवतो, त्याचा दत्तक मुलगा बनतो. आता प्रत्येक पानावर भीती, आई भेटायला आली तर? आडनाव विचारल्यावर क्षणभर थांबणाऱ्या माणसाला हे वाचताना काय होतं ते वेगळं सांगत नाही. एका जपानी चित्रकाराने हे पात्र स्वतःच्या मनाने घातलं आणि अख्खा पहिला खंड त्यालाच दिला, बुद्ध त्यात जेमतेम जन्मतो. चाप्राचं पुढे काय झालं हे मी आईला तोंडी सांगितलं. तेवढं तिने ऐकून घेतलं.

खडूफळा:
केइजी नाकाझावाचा 'बेअरफूट गेन', १९७३ पासून. लेखक स्वतः सहा वर्षांचा असताना हिरोशिमात होता. अणुबॉम्बबद्दल धडा शिकवते म्हणून वाचला, वर्गात नेला नाही. नववीच्या पुढच्यांना द्या, आणि देताना घरात कुणीतरी मोठं असू द्या. २०२३ मध्ये हिरोशिमाच्याच शिक्षण मंडळाने शांतता शिक्षणाच्या पाठ्यसामग्रीतून तो काढला, त्यावर तिथे बराच वाद झाला. मला सर्वांत धक्का बसला तो बॉम्बच्या आधीच्या पानांनी: युद्धाला विरोध करणाऱ्या गेनच्या बापाला शेजारीपाजारी कसे वागवतात ते.

चालूघडामोडी:
'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज', योशिकी तानाकाच्या कादंबऱ्यांवरून. टीव्हीसाठी नव्हे, थेट कॅसेटवर, १९८८ ते १९९७, मुख्य मालिका ११० भाग.

पुण्यात स्पर्धा परीक्षा करत होतो तेव्हा रूममेटने लावली. एका बाजूला साम्राज्य, तिथे राइनहार्ट नावाचा हुशार, प्रामाणिक हुकूमशहा वर येतोय. दुसऱ्या बाजूला लोकशाही, निवडून आलेले भ्रष्ट भाषणबाज. आणि त्या भ्रष्ट लोकशाहीसाठी लढतो यांग वेन-ली, ज्याला इतिहास शिकायचा होता, बाप गेल्यावर पैसे नव्हते, लष्करी अकादमीत इतिहास फुकट शिकवतात म्हणून भरती झाला. त्याचं स्वप्न एकच, लवकर निवृत्तिवेतन. 'चांगला राजा बरा की वाईट लोकशाही' हा निबंध आम्ही तेव्हा पाठच केला होता. यांग तो प्रश्न प्रत्येक विजयानंतर स्वतःलाच टाकतो आणि उत्तराने कधी खूश होत नाही. खोलीत आमची भांडणं व्हायची. मेसचा डबा गार व्हायचा. एका मित्राने चक्क राइनहार्टची बाजू धरली होती, तो आज सरकारी नोकरीत आहे, जास्त लिहीत नाही.

मधलीसुट्टी:
११० भाग? आमच्याकडे दहावीचं वर्ष आहे हो.

चालूघडामोडी:
ताई, मग १९८८ चा पहिला सिनेमा बघा, साधारण तासाभराचा. शेवटची मोठी लढाई अख्खी रावेलच्या 'बोलेरो'वर बसवलीय. ती आवडली तर दहावीनंतर मालिका, नाही आवडली तर एक तासच गेला. आणि लढाईत कोण कुठल्या बाजूचं हे कळलं नाही तर घाबरू नका, पहिल्यांदा कुणालाच कळत नाही.

कागदीघोडा:
दोन नोंदी माझ्याकडूनही. युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांचं 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' जानेवारी २०२५ मध्ये इथल्या चित्रपटगृहांत लागलं होतं. लहानपणी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत पाहिलेल्यांनी ते पुन्हा सलग बघा, वनराज भाटियांचं संगीत नीट ऐकू येतं. दुसरं, 'क्योजिन नो होशी' ही साठच्या दशकातली बेसबॉलची कथा. २०१२ मध्ये 'सूरज: द रायझिंग स्टार' नावाने तिचं क्रिकेट झालं, मुंबईच्या वस्तीतला पोरगा घेऊन. मूळ कथा वाचलेलं कुणी असेल तर त्यातल्या नायकाच्या बापाबद्दल लिहा. मला तो सहनच होत नाही, आणि जपानात कैक लोक त्याला आदर्श मानत होते.