ऑनलाइन कोर्स: पहिल्या आठवड्यात धडा उघडूच नये, पटतंय का?

उंबरठा (धागा सुरू करणारा)

गेल्या वर्षी ऑनलाइन पदवीच्या पहिल्याच सत्रात एका विषयात आपटलो. विषय डोक्यावरून गेला म्हणून नाही. शेवटची असाइनमेंट मुदतीच्या दोन दिवस आधी तयार होती, फाइल पोर्टलवर चढवलीही होती. पण फाइल चढवणं वेगळं आणि सबमिट करणं वेगळं, हे कुठे माहीत होतं? फाइलच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत ‘ड्राफ्ट’ लिहिलेलं होतं आणि पान खाली सरकवल्यावर आणखी एक बटण होतं. ते दाबायचं राहिलं. मुदत संपली, ड्राफ्ट ड्राफ्टच राहिला, ३० टक्के गुण गेले. हँडबुकच्या ११व्या पानावर हे ठळक अक्षरांत छापलेलं आहे. ते पान मी पहिल्यांदा उघडलं ते विनवणीचा मेल लिहिताना.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. पहिल्या आठवड्यात धड्याला हात लावू नये. हँडबुक ओळ न् ओळ वाचावं, कशाला किती गुण ते कागदावर उतरवावं, सगळ्या तारखा कॅलेंडरात टाकाव्यात, सरावासाठी जागा दिली असेल तर तिथे एक रिकामी फाइल सबमिट करून बघावी. हे न करणारा पुढे रडला तर दोष त्याचाच. यात मीही आलो.

पटत नसेल तर बिनधास्त बोला.

शेवटचा_बाक

नाही पटत. तुम्ही फटका खाल्लात आणि वर फटका मारणाऱ्याची बाजू घेताय. सबमिटचं बटण पानाच्या तळाशी दडवून ठेवणं हा विद्यार्थ्याचा गुन्हा कसा?

आमच्या एका विषयाचं हँडबुक ४० पानांचं होतं. पहिली सहा पानं स्वागत आणि ध्येयधोरणं. उशिरा दिलं तर किती गुण कापणार ते पान २७ वर. मुदत हँडबुकात रविवारची, मॉड्यूलच्या पानावर शनिवारची, आणि सूचनाफलकावर तिसरीच, ती बहुधा मागच्या बॅचची तशीच राहिलेली. आता सांगा, ओळ न् ओळ वाचून मी काय करू? चिठ्ठ्या टाकू?

शिवाय पहिल्या आठवड्यात जो हुरूप असतो तो पुन्हा येत नाही. तो नियम वाचण्यात घालवायचा म्हणजे सणाच्या दिवशी घराची कागदपत्रं लावत बसण्यासारखं झालं.

फळा_खडू

मी ऑनलाइन शिकवतो, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

तारखांचा घोळ ही आमची चूक, त्यावर सारवासारव करणार नाही. पण हँडबुक लांबतं कशामुळे, तेही ऐका. वर्गात निम्म्या अपेक्षा कोणी लिहूनच ठेवत नाही. शेजारचा म्हणतो, ‘अरे, उद्या जमा करायचंय ना?’ आणि काम भागतं. शिक्षकाच्या चेहऱ्यावरून कळतं की हा प्रश्न परीक्षेला येणार. ऑनलाइनमध्ये शेजारी नाही, चेहरा नाही. जे लिहिलेलं नाही ते अस्तित्वातच नाही. म्हणून सगळं लिहावं लागतं.

आणि काही गोष्टी फक्त तिथेच सापडतात. एआयचंच घ्या. माझ्या विषयात मुद्दे सुचवून घ्यायला परवानगी आहे, वापर कुठे केला ते शेवटी नमूद करायचं. त्याच विद्यार्थ्याच्या दुसऱ्या विषयात हेच केलं तर कॉपीचं प्रकरण होतं. कॉलेज तेच, सत्र तेच. ‘सगळीकडे चालतं’ म्हणून कोणी अडकला तर त्याला मी काय उत्तर देऊ?

हजेरीचंही तसंच. नुसतं लॉगिन केलं की हजेरी लागली, हा समज दर सत्रात निम्म्या वर्गाचा असतो. आमच्याकडे चर्चेत लिहिलं किंवा क्विझ दिली तरच हजेरी. पहिली पोस्ट बुधवारपर्यंत, दोघांना उत्तरं रविवारपर्यंत. ‘छान मांडलंय, सहमत’ या उत्तराला शून्य.

सरळसोट

चर्चेचं नाव काढलंत ते बरं झालं. यासारखं नाटक दुसरं नाही. बुधवारी रात्री साडेअकरापर्यंत स्मशानशांतता. मग २५ जण एकदम जागे होतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा मुद्दा ‘विचार करायला लावणारा’ वाटू लागतो. कोणाला खरंच विचार करावासा वाटला असता तर तो सोमवारी दिसला असता की!

वर आमच्या चर्चेत एक सेटिंग होतं: स्वतः पोस्ट टाकेपर्यंत इतरांचं काहीच दिसत नाही. म्हणजे आधी अंधारात बोला, मग दिवा लागणार.

हँडबुक वाचून ही अपेक्षा मला पूर्ण समजली होती, बरं का. समजली म्हणून ती शहाणी ठरत नाही.

दुसरी_इनिंग

सरळसोट, त्या सेटिंगचा उपयोग आहे हो. नाहीतर तुमचे ते साडेअकराचे २५ जण पहिल्याचंच थोडं फिरवून चिकटवतील.

मी २२ वर्षांनी पुन्हा शिकायला बसले. मला सगळ्यात जड गेली ती अपेक्षा कोणत्याच पानावर नव्हती: इथे आपण होऊन विचारायचं असतं. दुसऱ्या आठवड्यात एक संकल्पना अडली. वर्गात असते तर कपाळावरच्या आठ्या बघून सरांनी थांबवून विचारलं असतं. इथे मी नऊ दिवस वाट बघत बसले, कोणाच्या तरी लक्षात येईल म्हणून. कसं येणार? पडद्यापलीकडून अडलेला विद्यार्थी आणि पसार झालेला विद्यार्थी सारखेच दिसतात. शेवटी तीन ओळींचा मेल केला, दुसऱ्या दिवशी उत्तर हजर.

आणि तो क्विझचा किस्सा. फोनवर बोलता बोलता ‘बघू तरी कसे प्रश्न आहेत’ म्हणून बटण दाबलं. कोपऱ्यात २० मिनिटांचं घड्याळ उलटं पळायला लागलं. पान बंद केलं, पुन्हा उघडलं, घड्याळ पळतंच होतं. संधी एकच. बहिणीला ‘ठेव, ठेव’ म्हणेपर्यंत १७ मिनिटं उरली. बटणाच्या वरच लिहिलं होतं सगळं. वाचलं कोणी? त्यामुळे मी उंबरठा यांच्या बाजूने, पण आठवडाभर नाही. एक संध्याकाळ पुष्कळ झाली.

आकडेमोड

तुम्ही सगळे बटणांवर भांडताय. खरी अपेक्षा तासांची असते आणि ती क्रेडिट नावाच्या शब्दात लपलेली असते.

अमेरिकेच्या संघीय नियमात एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ आठवडे, दर आठवड्याला १ तास वर्ग आणि बाहेरचं किमान २ तास काम. म्हणजे ३ क्रेडिटच्या एका विषयाला आठवड्याला ९ तास, एकूण १३५. युरोपातलं क्रेडिट वेगळं: पूर्णवेळ वर्षाला ६०, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास. शब्द तोच, माप वेगळं. म्हणून आपल्या कोर्समध्ये एक क्रेडिट म्हणजे किती तास हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता गंमत बघा. हाच १३५ तासांचा विषय ऑनलाइनमध्ये बऱ्याचदा ८ आठवड्यांत बसवतात. झाले आठवड्याला जवळजवळ १७ तास. असे दोन विषय घेतले तर ३४. नोकरी सांभाळून! आणि लोक समजतात, व्हिडिओ दीड तासाचे आहेत म्हणजे काम दीड तासाचं.

त्यात आपला स्वतःचा अंदाजही धड नसतो. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. मी स्वतःच्या अंदाजाला सरळ दीडने गुणतो. तरी कमी पडतं.

रात्रपाळी

आकडेमोड यांचा हिशोब फी भरण्याआधी कोणी दाखवला असता तर मी दोनऐवजी एकच विषय घेतला असता. जाहिरातीत शब्द होता ‘लवचिक’. मी रात्रपाळी करतो. प्रत्यक्षात दर आठवड्याला एक लाइव्ह सत्र, दुपारी दोनला, म्हणजे माझ्या मध्यरात्री. कॅमेरा चालू ठेवायचा. ‘रेकॉर्डिंग मिळेल’, पण सहभागाचे गुण लाइव्हलाच.

मुदतीचाही तोच खेळ. रात्री ११:५९. कोणाच्या रात्रीचे? कॉलेजचा सर्व्हर एका देशात, मी दुसऱ्या. माझ्या प्रोफाइलमध्ये टाइमझोन चुकीचा राहिला होता आणि पोर्टल मला आदबीने चुकीची वेळ दाखवत होतं. कामावरून आलो, चहा घेतला, उघडून बघतो तर मुदत संपून गेलेली.

म्हणून उंबरठा यांचं ‘दोष त्याचाच’ मला डाचतं. ज्याच्याकडे वेळ आहे, शांत खोली आहे, तो आठवडाभर हँडबुक वाचेल. माझ्याकडे आठवड्याचे नऊ तास आहेत, ते मी नियमांत घालवू की विषयात? अपेक्षा समजून घेणं माझं काम, मान्य. पण त्या एका पानावर, प्रवेशाच्या आधी, साध्या भाषेत सांगणं कोणाचं?

शेवटचा_बाक

रात्रपाळी, अगदी बोललात.

पण नुसता विरोध नको म्हणून माझी पद्धत सांगतो. मी हँडबुक नाही, पहिली असाइनमेंट उघडतो आणि तिच्याखालचा गुणांकनाचा तक्ता. खरं काय हवंय ते तिथे असतं. मागच्या सत्रात एक निबंध होता. प्रश्न वाचून वाटलं, लेखाचा सारांश द्यायचाय. तक्ता बघितला तर सारांशाला १०, स्वतःच्या विश्लेषणाला ४०, दुसऱ्या दोन लेखांशी तुलना करण्याला ३०, भाषा आणि संदर्भ २०. तक्ता न बघता लिहिणाऱ्यांनी चार पानं झकास सारांश लिहिला आणि मग ‘सर गुण देत नाहीत’.

दुसरं, सरावाची क्विझ धडा पूर्ण होण्याआधीच द्यायची. चुकू दे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे: एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तर आठवणारे. व्हिडिओ दुप्पट वेगाने तीनदा बघून ‘झालं’ म्हणणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं. मीही त्यातलाच होतो.

सरळसोट

म्हणजे सराव क्विझ आणि खरी क्विझ यांतला फरक आधी बघून घ्यायचा ना? नाहीतर दुसरी_इनिंग यांच्यासारखं व्हायचं.

दुसरी_इनिंग

मीठ चोळा अजून. 😄

उंबरठा

रात्रपाळी, ‘दोष त्याचाच’ हे मागे घेतो. मला जे शून्य मिळालं त्यात अर्धा वाटा त्या पानाच्या मांडणीचा आहे, हे स्वतःशी कबूल करायला मला जड जात होतं. सगळी चूक माझी असं म्हटलं की निदान पुढच्या वेळी सगळं माझ्या हातात आहे असं वाटतं.

आठवडाभर हेही सोडतो. पण धड्याच्या आधी, हे सोडत नाही. तक्त्याची पद्धत भारी आहे, पण शेवटचा_बाक, एक विचारतो: तक्त्यात एआयचं लिहिलेलं असतं का? टाइमझोनचं? ड्राफ्टचं? माझी असाइनमेंट तक्त्याप्रमाणे उत्तमच होती हो. कोणी उघडलीच नाही.

शेवटचा_बाक

हा मुद्दा मान्य. तक्ता आणि सबमिशनचं पान, दोन्ही आधी. बाकीची ३८ पानं तुम्हाला लखलाभ.

फळा_खडू

काल रात्री आकडेमोड यांचं वाचून स्वतःच्याच कोर्सचा हिशोब मांडला. वाचन मिनिटांत मोजलं, व्हिडिओ मोजले, चर्चेला दोन तास धरले, असाइनमेंटला माझा अंदाज गुणिले दीड. कागदावर ९ तासांचा विषय, चौथ्या आठवड्यात प्रत्यक्षात १४ निघाले. तीन वर्षं हाच कोर्स शिकवतोय आणि कधी बेरीज केली नव्हती. चर्चेच्या बाबतीत सरळसोट यांच्याशी अजूनही सहमत नाही, पण पोस्टची मुदत बुधवारऐवजी मंगळवारी सकाळी करून बघणार आहे, साडेअकराची झुंबड तरी मोडेल. तासांचा आकडा आता प्रत्येक मॉड्यूलच्या पहिल्या ओळीत टाकतोय. आणि चौथ्या आठवड्यातले दोन लेख आज सकाळी काढून टाकले.

रात्रपाळी

सर, उत्तम. फक्त ते लेख आधीच वाचून ठेवणारा एखादा उत्साही तुमच्या वर्गात नसला म्हणजे मिळवली. आणि मंगळवारी सकाळी म्हणजे किती वाजता? कोणाच्या घड्याळाने?