नाईलकाठ टिकला, मग दक्षिण मेसोपोटेमिया का खारवला?

जिज्ञासू: दोन्ही प्रदेश कोरडे, दोन्हीकडे नदीच्या पाण्यावर गहू आणि जव. तरी इजिप्तमध्ये तीच जमीन हजारो वर्षे पिकत राहिली आणि दक्षिण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, क्षारपड झाली. हा मातीचा दोष की माणसांचा?

गाळपेर: सर्वात आधी पुराचा महिना पाहा. इजिप्तमध्ये नाईलला पूर यायचा तो इथिओपियातल्या उन्हाळी पावसाने, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात. बांध घातलेल्या वाफ्यांत ते पाणी चाळीस ते साठ दिवस उभे राहायचे, मग नदीत परत सोडायचे आणि ओल्या गाळात पेरायचे. साठलेला क्षार त्या पाण्याबरोबर धुऊन जायचा. मेसोपोटेमियातल्या युफ्रेटिस-टायग्रिस नद्यांना पूर यायचा तो बर्फ वितळून, एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमका पीक कापणीला आलेले असताना. पेरणीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नदी आटलेली. त्यामुळे एकीकडे पूर अडवायला बांध, दुसरीकडे पाणी आणायला लांबलचक कालवे. शिवाय नदीचे पात्रच गाळाने आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच झालेले, त्यामुळे पाणी झिरपत राहायचे.

निचरा: क्षाराचा हिशेब मांडून बघा. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेले पाणी तसे गोडच म्हणायचे. पण हेक्टरभर शेताला हंगामात एक मीटर दिले, तर दहा हजार घनमीटर पाण्यातून पाच टन क्षार शेतात येतो. पाणी उडून जाते, क्षार राहतो. भूजल जमिनीखाली दोनेक मीटरपर्यंत चढले की केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर चढते तसे, खालचा क्षारही वर येतो. गहू आधी हरतो, जव जास्त तग धरतो.
यावर तिथला जुना उपाय म्हणजे शेत एक वर्षाआड पडीक ठेवणे. जवासा या काटेरी रानझुडपासारख्या खोल मुळांच्या झुडपांनी खालची ओल शोषली की भूजल उतरते, आणि मग पुढच्या पिकाला दिलेले पाणी क्षार खाली ढकलते. जास्त धान्याच्या हव्यासाने पडीक वर्ष गाळले की हे चक्र मोडते.

जिज्ञासू: म्हणजे सगळे नदीनेच ठरवले?

गाळपेर: नाही, आणि याचा पुरावा इजिप्तच देतो. १९७० मध्ये आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले, पूर थांबला, बारमाही पाणी मिळू लागले. तीच नदी, तीच माती. पण क्षार वाढू लागला आणि जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घालावे लागले. भूगोलाने धोका किती आणि कधी हे ठरवले. पडीक वर्ष पाळायचे की नाही, कालव्यातला गाळ दरवर्षी कोणी उपसायचा, हे तिथल्या सत्तेने आणि समाजाने ठरवले.