लग्नाच्या अल्बममध्ये कृष्णधवल फोटो: हळदीचाही रंग काढून घ्यायचा का?

पार्ल्याची_आई

फेब्रुवारीत माझ्या मुलीचं लग्न दादरच्या एका हॉलमध्ये झालं. परवा अल्बमचं डिझाइन मोबाइलवर आलं. १२ बाय ३६ ची ३५ पानं, आणि त्यातली ११ कृष्णधवल. रिसेप्शनचे चार-दोन फोटो तसे असते तर मी काही बोलले नसते. पण हळदही कृष्णधवल?

माझ्या जाऊबाई मुलीच्या गालाला हळद लावताहेत, असा एक जवळून घेतलेला फोटो आहे. फोटो सुरेख आहे, पण बोटांना जे लागलंय ते तांदळाच्या पिठासारखं दिसतं. अष्टपुत्री पिवळी म्हणून तर नेसवतात, तिची साधी फिकट साडी झाली आहे. अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक चक्क काळं आलंय. अक्षतांचे नुसते तांदूळ झालेत. हिरवा चुडा आणि शालूचा काठ एकाच करड्या रंगात मिसळून गेलेत.

फोटोग्राफरला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हे टाइमलेस वाटतं. सध्या सगळे हेच मागतात." मला ते पटलेलं नाही. आपल्या लग्नात रंग सजावटीपुरता नसतो. हळद, कुंकू, हिरव्या बांगड्या, प्रत्येक रंगाला त्या दिवशी काही काम असतं. तो काढून घेतला की विधीच अर्धा पुसला जातो, असं मला मनापासून वाटतं. शनिवारपर्यंत अल्बम फायनल करायचा आहे. तुमचं मत सांगा.

शटरवाला

ताई, मी लालबागचा. १४ वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. तुमच्या फोटोग्राफरची बाजू अर्धी घेतो, अर्धी नाही.

आधी चूक सांगतो. रंगीत फोटो सरसकट कृष्णधवल केला की संगणक रंगाचा उजेड मोजतो. त्या मोजणीत १०० पैकी हिरव्याला साधारण ५९, लालला ३० आणि निळ्याला ११ गुण मिळतात. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही असतात, म्हणून हळद जवळजवळ पांढरी होते. कुंकवात नुसता लाल, म्हणून ते काळपट पडतं. ज्याला काम येतं तो पिवळा थोडा खाली ओढतो, लाल वर घेतो. तुमच्याकडे एक बटण दाबून मोकळे झालेले दिसतात. आणि हळदीचा फोटो मी तरी कृष्णधवल करणार नाही.

पण अंतरपाटाचं तसं नाही. मुंबईतल्या हॉलचं स्टेज डोळ्यांसमोर आणा. मागे नायलॉनची फुलं, जांभळे एलईडी, व्हिडिओवाल्याचा झगझगीत लाइट, पुढे वीस मोबाइल. 'शुभमंगल सावधान' संपतं, पडदा बाजूला होतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. रंगीत फोटोत नजर आधी त्या जांभळ्याकडे जाते. कृष्णधवल केला की सरळ डोळ्यांकडे जाते. शिवाय गडद जांभळा उजेड चेहऱ्यावर पडला की फोटोत हिरव्याची माहितीच फार थोडी उरते. कितीही कलर करेक्शन करा, कातडीचा रंग परत येत नाही. फ्लॅश मारून तो उजेड तोडता येतो, पण त्या क्षणी तोंडावर फ्लॅश मारायला माझा हात धजत नाही.

रंग तुम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेतच. फोटोने त्यापलीकडचं काही दाखवावं.

पार्ल्याची_आई

शटरवाला, नाही हो पाहिले. आमच्यात मंगलाष्टकं चालू असताना मुलीची आई तिथे थांबत नाही. मी हॉलच्या मागच्या बाजूला तुळशीला पाणी घालत होते. टाळ्या आणि वाजंत्री ऐकू आली, तेव्हा कळलं की अक्षता पडल्या. अंतरपाटाचं जे काही बघायचं ते मी फोटोतच बघणार होते. म्हणून ते काळं स्वस्तिक इतकं लागलं.

गिरगावकर

माझ्या आई-वडिलांचं लग्न १९६७ सालचं. गिरगावातल्या वाडीतच मांडव होता. अल्बम अजून आहे. काळी जाड पानं, फोटोंना कोपरे, दोन पानांमध्ये बटर पेपर. सगळे फोटो कृष्णधवल, कारण त्या काळी रंगीत फिल्म आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हती. आज लोक 'जुना फील' म्हणून जे मागतात, ती आमच्या घरात निवड नव्हती.

आई तो अल्बम काढून बसायची तेव्हा एकेका फोटोवर बोट ठेवून रंग सांगायची. हा शालू डाळिंबी. ही मामीची इरकल, मोरपंखी. आम्ही पोरं कंटाळायचो, उठून जायचो. आई २०१९ मध्ये गेली. एका फोटोत माझी आत्या विहिणीच्या पंगतीत वाढते आहे. तिच्या साडीचा रंग कुठला, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

तुमच्या हातात रंग आहे तर तो टाकू नका.

नऊवारी

शुभकार्यात काळं नको. आमच्याकडे हळदीला काळ्या कपड्यात आलेल्या पाहुण्यांनाही शाल देतात. भिंतीवर कृष्णधवल फोटो आपण कोणाचे लावतो, आठवा. नवरा-नवरीचा तसा फोटो हॉलमध्ये टांगायला मन घेत नाही. कोणी याला जुनाट म्हणेल, म्हणू दे.

चंद्रकळा

नऊवारी, जुनाट म्हणत नाही, पण पटतही नाही. आपल्याकडेच नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसवतात आणि हलव्याचे दागिने घालतात. मंगळसूत्रात सोन्याइतकेच काळे मणी असतात. काळा रंग आपण सौभाग्यातून कधीच बाहेर काढलेला नाही. आणि गेलेल्या माणसांचे फोटो कृष्णधवल होते ते त्या काळामुळे. माझ्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो चांगला रंगीत आहे.

माहीमची_खाडी

मूळ प्रश्नाला अनुमोदन. छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना हा वाद नवा नाही. कृष्णधवल छायाचित्रणाला जगभर जास्त गंभीर मानलं जायचं, त्या काळात ते रंगीत फिल्मवर ठाम राहिले. भारतातलं आयुष्य रंगातूनच दिसतं, ही त्यांची भूमिका होती. मुंबईचेही त्यांनी भरपूर फोटो काढले. गर्दी, आरसे, दुकानांच्या काचा, सगळं एकाच चौकटीत, आणि तरी नजर भरकटत नाही. तेव्हा मागे गोंधळ आहे म्हणून रंग काढला, हे कारण मला लंगडं वाटतं. चौकट नीट धरता आली पाहिजे.

शटरवाला

माहीमची_खाडी, रघुबीर सिंग रस्त्यावर हवा तितका वेळ थांबू शकत होते. माझ्यासमोर भटजी पुढच्या विधीला लागलेले असतात आणि मागून नवऱ्याची मावशी खांद्यावर हात ठेवून म्हणते, जरा बाजूला व्हा. आणि नावंच घ्यायची तर वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला आपल्या मुंबईच्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. त्यांच्या कृष्णधवल फोटोंत काही कमी आहे असं कोणाला वाटतं का?

माहीमची_खाडी

काहीच कमी नाही. पण त्यांचे फोटो वर्तमानपत्रांसाठी आणि नियतकालिकांसाठी होते आणि तेव्हाची छपाई बहुतेक कृष्णधवलच होती. त्या उजेड-सावलीचा विचार करूनच कॅमेरा डोळ्याला लावत होत्या. तुमचे लोक फोटो रंगात बघतात, रंगात काढतात आणि नंतर खुर्चीत बसून ठरवतात. माझा आक्षेप त्या 'नंतर'ला आहे.

जुने_कागद

एका गैरसमजाबद्दल लिहितो, कारण माझं काम जुने कागद आणि फोटो सांभाळण्याचं आहे. 'कृष्णधवल जास्त टिकतं' असं सांगून अल्बम विकले जातात.

गिरगावकरांच्या १९६७ च्या फोटोंतली प्रतिमा चांदीच्या कणांची आहे, म्हणून ती टिकली. सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंट रंगद्रव्यांच्या होत्या. त्यातला निळसर रंग बंद अल्बममध्येही आधी उडायचा, म्हणून त्या काळातले कित्येक फोटो आज लालसर दिसतात. इथवर खरं आहे. पण आजचा अल्बममधला 'कृष्णधवल' फोटो बहुतेक वेळा त्याच रंगीत कागदावर किंवा रंगीत शाईने छापलेला असतो. त्यात चांदी नसते. तो करडा दिसतो तो तीन-चार रंग एकत्र आल्यामुळे. त्यातला एक फिकटला की करड्याला हिरवी किंवा गुलाबी झाक येणार. टिकाऊपणासाठी कृष्णधवल घेत असाल तर घेऊ नका.

आणि मुंबईचा पावसाळा कोणालाच सोडत नाही. जिलेटिनच्या थरावर बुरशी येते, मग तो फोटो चांदीचा असो वा रंगीत. अल्बम बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पावसाळ्याआधी बदला.

नवी_नवरी

मी इथे एकटी पडेन बहुतेक, पण लिहिते. माझं लग्न २०२२ मध्ये बोरिवलीला झालं. मी सावळी आहे. रंगीत फोटोंत मला इतकं उजळ केलं होतं की गळा एका रंगाचा आणि मेंदीचे हात दुसऱ्या रंगाचे. आईला ते आवडलं, म्हणून मी गप्प बसले. त्या अख्ख्या अल्बममध्ये एकच फोटो असा आहे ज्यात मी मला ओळखते. मुंडावळ्या बांधताना मान खाली घातली आहे आणि नाकावर खिडकीचा उजेड आहे. तो कृष्णधवल आहे. माझ्या पलंगाशेजारी तोच आहे.

आणि ताई, राग मानू नका, पण तुमच्या मुलीला काय वाटतं ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

शटरवाला

नवी_नवरी, प्रामाणिकपणे सांगतो, उजळवणं कृष्णधवलमध्येही होतं. नारिंगी रंगाची पट्टी वर सरकवली की चेहरा गोरा दिसतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. तुमच्याकडे ते केलं नाही, एवढंच. घरचे लोक आम्हाला नवरीच्या कानावर जाणार नाही अशा बेताने सांगतात, 'जरा ब्राइट करा.' मी आता नाही म्हणतो. दोन कामं त्यामुळे गेली.

पार्ल्याची_आई, अजून एक. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइल आहेत का, ते आजच विचारा. कॅमेरा कृष्णधवलवर ठेवून काढलं तरी रॉमध्ये रंग शाबूत असतो. फक्त जेपीईजी ठेवल्या असतील तर गेलेला रंग परत येत नाही. अल्बम छापून झाला की जागेसाठी बरेच जण रॉ उडवतात.

पार्ल्याची_आई

नवी_नवरी, तुमचं वाक्य वाचून मी काल रात्री मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, ११ पैकी तीन मला तसेच हवेत." कोणते, ते विचारलं. एक झालीचा, ज्यात तिच्या बाबांचा हात परातीखाली थरथरतोय. एक सप्तपदीतल्या नुसत्या पावलांचा. तिसरा माझा आहे. तुळशीपाशी, पाठमोरा. हा फोटो कोणी काढला हेच मला ठाऊक नव्हतं. मी डिझाइन बघताना हळदीवरच अडकले होते, हे पान नीट पाहिलंच नव्हतं. हे तीन तसेच राहतील. नऊवारी, ते भिंतीवर लावणार नाही, अल्बममध्येच राहतील.

बाकी आठ रंगीत करून मागितले. रॉ होत्या. त्याने कुरकुर केली, जादा पैसे सांगितले. ते मी देणार नाही, कारण कोटेशनमध्ये कृष्णधवलचा कुठे उल्लेखच नव्हता. त्यावर अजून बोलणं चालू आहे. पुढे ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी प्रत्येक फोटो रंगीत मिळेल हे आधीच लिहून घ्या, कृष्णधवल प्रत वेगळी.

अंतरपाटाचा रंगीत फोटो आत्ता तासाभरापूर्वी आला. जांभळा उजेड आहेच, शटरवाला म्हणाले तसा, जावयाच्या अर्ध्या चेहऱ्यावर. पण स्वस्तिक लाल आहे. माझ्या नणंदेने सकाळी घाईत बोटाने काढलेलं, खालच्या एका टोकाला कुंकू ओलं राहून ओघळलं आहे, आणि तो ओघळ मुलीच्या पिवळ्या पदराला लागलाय. तो डाग मी घरी आल्यावर धुतला होता. कुठून लागला ते तेव्हा कळलं नव्हतं.