आईवडिलांसाठी सरकारी मदत मिळवताना काय काय झालं? या, लिहा

लातूरकन्या
आज बँकेत पासबुक भरायला गेले होते. पुढे एक आजी होत्या, काउंटरवरच्या पोराला सारख्या विचारत होत्या "बाळा, श्रावणबाळाचं आलंय का बघ की" आणि तो "केवायसी करा आजी, केवायसी" एवढंच. मला एकदम बाबांच्या वेळचं सगळं आठवलं. म्हटलं लिहावं. इथे बऱ्याच जणांचे आईवडील गावाकडे आहेत, शेती नावाला, पेन्शन नाही, आणि कुठली योजना कुणाला, कुठल्या टेबलावर जायचं हे धड कुणी सांगत नाही.

माझे बाबा आयुष्यभर सालगडी. श्रावणबाळ योजनेला, म्हणजे म्हाताऱ्यांना राज्य सरकार दर महिन्याला पैसे देतं त्याला, ६५ वर्षं पूर्ण लागतात आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत, नाहीतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. उत्पन्नाची अडचण नव्हती, वयाची होती. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९६२, आधारवाल्याने अंदाजे टाकलेली (आमच्या गल्लीत निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच). आणि बाबा म्हणायचे बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली, सुकडी खाल्ली, मला मिसरूड फुटलं होतं. मग १९६२ कसं बसेल? शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले, बाबा दुसरीपर्यंत शिकलेले. हेडसरांनी कपाटावरचं जुनं जनरल रजिस्टर काढलं, कोपरे वाळवीने खाल्लेले, बोट फिरवत फिरवत खाली आले आणि निळ्या शाईत बाबांचं नाव, पुढे साल १९५६. प्रवेश निर्गम उतारा घेतला, त्यावर आधार दुरुस्त झालं, मग तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला, १५ वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा रहिवासी दाखला, सेतूत अर्ज, तहसीलला संजय गांधी शाखेत पोच. मग समितीची बैठक कधी होतेय याची वाट बघा. सुरुवातीला १००० यायचे, जुलै २०२३ पासून १५०० झाले.

त्याहून अवघड काम बाबांना तयार करणं. "मी कुणापुढे हात पसरणार नाही" हा एकच हेका. मी म्हटलं बाबा, दुष्काळात तो पाझर तलाव तुम्ही बांधला ना, गावातल्या विहिरींना अजून त्याचं पाणी आहे, मग सरकारकडून दीडदमडी घ्यायला लाज कसली? त्यावर काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी स्वतः फोटो काढून आले, टोपी घालून. तुमचेही अनुभव लिहा.

सुगरण२
टोपी घालून 🥹

वऱ्हाडीठेचा
आमच्या इकडे निराधारचा पगार म्हणतात. आज पगार झाला का, असं विचारतेत म्हाताऱ्या एकमेकीले. माझ्या मायचे पैसे मधात बंदच झाले होते काही महिने. शाखेत गेलो तर म्हणे जमा होत आहे. बँकेत गेलो तर म्हणे नाही. मग एका सेतूवाल्या पोट्ट्याने सांगितलं का हे आता डीबीटीनं येते, म्हणजे आधार ज्या खात्याले जोडलं त्याच खात्यात पडते, अर्जावर कोणतं बी खातं असो. मायचं एक जनधनचं खातं होतं, बचत गटाच्या वेळी काढलेलं, पासबुक बी सापडत नव्हतं. सगळे पैसे तिथंच पडून होते! तर ज्याचे बंद आहे त्याने आधी आधार कोणत्या खात्याले लागलं हे पाहा. मग भांडा.

रात्रपाळी
हे सोन्यासारखं सांगितलंत भाऊ. उद्याच सासूबाईंचं बघते

जरीकाठ
श्रावणबाळ आणि इंदिरा गांधी वृद्धापकाळ एकच का वेगवेगळी? आमच्या आत्याच्या पासबुकात दोन नोंदी येतात

लातूरकन्या
@जरीकाठ वेगळ्या आहेत पण मिळून १५०० च. दारिद्र्यरेषेत नाव असेल तर केंद्राचे २०० (८० च्या पुढे ५००) आणि उरलेले राज्याचे. म्हणून दोन नोंदी. काळजी करू नका.

जरीकाठ
बरं झालं. आत्याला वाटत होतं चुकून आलेत, परत मागतील, म्हणून ती छोटी रक्कम काढतच नव्हती बिचारी

कापूसकोंडा
माझे वडील सूतगिरणीत होते. गिरणी बंद पडली, थकबाकीचं सोडा. ईपीएस ९५ ची (पीएफवाली) पेन्शन आहे हजार रुपयांच्या वर थोडी. किमान १००० हे सप्टेंबर २०१४ ला ठरलं ते अजून तेच, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या आणि गॅस यातलं एकच काहीतरी बसतं. राग येतो खरं सांगायचं तर, ज्या माणसाने तीन पाळ्यांत कान बहिरे करून घेतले त्याला एवढं? असो. कामाचं सांगतो. हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही दर नोव्हेंबरला त्यांना रिक्षात घालून न्यायचो, गुडघे गेलेत, आणि अंगठाच उठायचा नाही मशीनवर, सुतात काम केलेली बोटं, रेषा राहिल्यातच कुठे. आता जीवन प्रमाण मोबाईलवर चेहरा दाखवून होतं. घरच्या घरी. उजेडात बसवायचं आणि डोळे मिटउघड करायला सांगायचं. आणि ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरच लागतो असं नाही, वर्षात कधीही द्या, तिथून पुढे वर्षभर चालतो. फोन नसेल तर पोस्टमनला सांगा, तो घरी येऊन करतो.

सुगरण२
अंगठ्याचं तर विचारूच नका. आई रेशन दुकानात हातावर भांड्याचा साबण लावून, पुसून, परत परत अंगठा ठेवायची. आयुष्यभर धुणीभांडी केलेल्या बाईचा अंगठा मशीन ओळखत नाही म्हणजे काय. आता रेशनची ई-केवायसी पण चेहऱ्यावरून होते ॲपवर, मी सोसायटीतल्या तिघीचौघींची करून दिली. अंत्योदय असेल तर कार्डाला ३५ किलो, प्राधान्यवाल्यांना माणशी ५ किलो, हे पाठ ठेवा आणि पावती मागा. पावती मागितली की माप आपोआप बरोबर होतं असा माझा अनुभव.

बाईआजीचीनात
विषय थोडा वेगळा पण... आमची आजी ७८. एसटीत ७५ च्या पुढे फुकट झालं ना २०२२ ला, तेव्हापासून आजी घरात सापडत नाही. पंढरपूर झालं, तुळजापूर झालं, शेगाव दोनदा. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला. आधी माहेरी जायला पण सुनेकडे पैसे मागावे लागायचे तिला

वऱ्हाडीठेचा
शेगावले आल्या तर आमच्या घरी पाठवा आजीले, कचोरी खाऊ घालतो

बाईआजीचीनात
सांगते 😄 ती खरंच येईल हां, मागाहून तक्रार नको

गोंयकारपाव
आमच्या गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा आहे, ६० पासून, महिन्याला २०००, गोव्यात १५ वर्षं राहिलेले पाहिजे. आईला मिळतात. बाबा गेल्यावर सुरू केले. ती त्यातले दोनशे देवळाला, दोनशे नातीला, बाकीचे औषधं आणि मासळी. हयातीचा दाखला मात्र दर वर्षी विसरू नका, शेजारच्या काकींचे त्यानेच थांबले होते.

चिंचेचंझाड
कुणी वयोश्री केलंय का? सासऱ्यांना कानाचं मशीन घ्यायचंय, ऐकूच येत नाही, टीव्ही एवढा मोठा लावतात की खालचे लोक येतात

रात्रपाळी
@चिंचेचंझाड हो मुख्यमंत्री वयोश्री, ६५ वर्षं आणि उत्पन्न २ लाखांच्या आत. एकदाच ३००० खात्यात येतात, चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा असल्या गोष्टींसाठी. मशीन ३००० त चांगलं येत नाही, वर घालावे लागतील. सासूबाईंना आम्ही कमोड खुर्ची घेतली. रात्री उठून अंगणातल्या संडासात जायच्या, एकदा पडल्या होत्या पावसात. ती खुर्ची आल्यावर मीच जास्त निवांत झोपले.

मध्यरात्रीचाचहा
सगळ्यांचे आईवडील प्रेमाने सांभाळले जातात असं नाही. जरा वेगळं लिहिते. आमच्या शेजारच्या काकूंनी घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून दिलं, सांभाळेन म्हणाला होता, सहा महिन्यांत स्वयंपाकघराला कुलूप. खरोखरचं कुलूप, पितळी. काकू जिन्यात स्टोव्ह ठेवून भात लावायच्या. मी त्यांना घेऊन प्रांत ऑफिसला गेले. २००७ चा कायदा आहे आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा, तिथे न्यायाधिकरण असतं, कागदावर अर्ज द्यायचा, वकील लावायची गरज नाही. महिन्याला १०,००० पर्यंत पोटगी ठरवू शकतात. आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, अट पाळली नाही तर ते बक्षीसपत्र रद्द पण होऊ शकतं, कलम २३. अट कागदात लिहिलेली असली तर सोपं जातं म्हणून कुणी असं काही करत असेल तर ती अट लिहून घ्याच. काकू सुनावणीला रडल्या नाहीत, पदर खोचून उभं राहून सांगितलं सगळं. नोटीस आल्यावरच कुलूप निघालं होतं. पैसे पण सुरू झाले.

लातूरकन्या
@मध्यरात्रीचाचहा तुमच्यासारखी शेजारीण सगळ्यांना मिळो. पितळी कुलूप वाचून पोटात कसंतरी झालं.

जरीकाठ
माझ्या मावशीचं पण असंच चाललंय पण ती मुलाविरुद्ध एक शब्द बोलायला तयार नाही

मध्यरात्रीचाचहा
@जरीकाठ १४५६७ ला फोन करून बघा. ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फुकट. तक्रारच करायला हवी असं नाही, नुसतं बोलता पण येतं, मार्ग सांगतात. काकूंनी पण आधी तिथेच बोललं होतं.

तुणतुणं
आमचे आजोबा भारुडं करायचे. गावोगाव. कुणी म्हटलं कलावंत मानधन असतं, ५००० रुपये महिना झालंय, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना. पंचायत समितीत गेलो तर पुरावा पाहिजे कलेचा. आता भारुडाचा पुरावा काय देणार? पण आजीने ट्रंकेत जपून ठेवलं होतं सगळं, जत्रा कमिटीची पिवळी पत्रकं, पेपरातलं एक कात्रण, एक फोटो ज्यात आजोबा लुगडं नेसून उभे आहेत. ते सगळं लावलं. मंजूर झालं तेव्हा आजोबांनी अंगणातच सुरू केलं, दम लागेपर्यंत. ज्यांच्या घरात कीर्तनकार, शाहीर, वासुदेव, गोंधळी कुणी म्हातारं आहे त्यांनी बघा हे, लोकांना माहीतच नसतं.

सुगरण२
ट्रंका सांभाळणाऱ्या आज्यांनी निम्मी घरं चालवलीत

कापूसकोंडा
फोटो टाका की लुगड्यातला

तुणतुणं
विचारतो त्यांना, लाजतात आता

डब्यातलीभाजी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. ७० पूर्ण असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ऑक्टोबर २०२४ पासून आहे, उत्पन्नाची अटच नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, यादीतल्या हॉस्पिटलात. ७० च्या खाली असतील तर रेशनकार्डावर महात्मा फुले योजना. दाखल व्हायच्या आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा तिथे बसणारा माणूस) शोधा, नंतर नाही. वडिलांच्या अँजिओप्लास्टीला एका मोठ्या हॉस्पिटलने आधी डिपॉझिट भरा म्हणून अडवलं होतं, नाव लिहीत नाही, आरोग्यमित्र आल्यावर पाच मिनिटांत सूर बदलला. सिट्टी झाली, आले

चिंचेचंझाड
भाऊ अपंग आहे तर आईबाबांसोबत त्याचं पण करता येईल का? घरी तिघंच असतात, उत्पन्न म्हणजे बाबांची पानटपरी

लातूरकन्या
@चिंचेचंझाड हो, त्याचं संजय गांधी निराधारमध्ये दिव्यांग म्हणून. सिव्हिलचं प्रमाणपत्र लागेल, ४० टक्के किंवा वर. त्यांना उत्पन्नाची मर्यादा जास्त आहे, ५०,००० आणि ऑक्टोबर २०२५ पासून रक्कमही २५०० केलीय. अर्ज वेगळा करा, आईबाबांचा वेगळा. एकाच फाईलमध्ये कोंबलं की एकाचा कागद कमी पडला म्हणून सगळेच अडकतात.

चिंचेचंझाड
थँक्यू ताई. शनिवारी सुट्टी आहे मला, तेव्हा तहसीलला जाऊ का?

रात्रपाळी
शनिवारी बंद असतं, पाच दिवसांचा आठवडा आहे. सोमवारी पण गर्दी मरणाची. मंगळवारी जा, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स घेऊन, आणि पोचपावतीवर शिक्का मारल्याशिवाय उठू नका