‘नाइस’ म्हणजे मुळात मूर्ख! मग शब्दाचा खरा अर्थ कोणता धरायचा?

शाईचा डाग:
गेल्या आठवड्यात एका तत्त्वज्ञानावरच्या लेखाचा मराठी अनुवाद तपासत बसले होते. मूळ इंग्रजीत ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ असं होतं आणि अनुवादात आलं होतं ‘एक छान भेद’. दोनदा वाचलं, काहीतरी खटकत होतं. मग डिक्शनरी उघडली आणि सगळी संध्याकाळ त्या एकाच शब्दात गेली.

तर ‘नाइस’चा प्रवास असा आहे. लॅटिनमध्ये ‘स्कीरे’ म्हणजे जाणणं, त्याला नकाराचा ‘ने’ लागून ‘नेस्किउस’ म्हणजे ज्याला काही कळत नाही तो. ‘सायन्स’, ‘कॉन्शन्स’ हे पण त्याच ‘स्कीरे’चे, म्हणजे ‘नाइस’ हा ‘सायन्स’चा नकार लागलेला भाऊच झाला! तिथून जुन्या फ्रेंचमध्ये आणि १३०० च्या आसपास इंग्रजीत आला तेव्हा ‘नाइस’ माणूस म्हणजे मूर्ख माणूस. मग हळूहळू चोखंदळ, नखरेल, नाजूक असे अर्थ चिकटत गेले, १६व्या शतकात ‘काटेकोर, सूक्ष्म’ हा अर्थ आला आणि ‘छान’ हा आपल्याला माहीत असलेला अर्थ थेट १८व्या शतकाच्या उत्तरार्धात. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘नाइस’ची पहिली व्याख्या आहे ती बारीकसारीक तपशिलापर्यंत अचूक पारख असणारा अशी. म्हणजे तो ‘नाइस डिस्टिंक्शन’ छान नव्हता, सूक्ष्म होता. अनुवादात वाक्याचा अर्थच गेला होता.

माझं मत स्पष्ट सांगते. सूक्ष्म, काटेकोर हाच या शब्दाचा खरा अर्थ आणि तो आपण सगळ्यांनी मिळून घालवलाय. हवा नाइस, जेवण नाइस, माणूस नाइस, निबंध नाइस. ज्या शब्दाने बारीक फरक दाखवायचा त्यालाच कुठलाही फरक दाखवता येईनासा झालाय. निदान लिहिणाऱ्यांनी तरी हा शब्द जपून वापरावा, ‘छान’ या अर्थी तर टाळावाच.

रानवाट:
माहिती आवडली पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. तुम्ही ‘खरा अर्थ’ म्हणताय तो सूक्ष्म वाला, का? सगळ्यात जुना तोच खरा असेल तर मग ‘मूर्ख’ धरा की! आणि सगळ्यात जुना नको असेल तर मधलाच एक उचलायचं कारण काय? तो तुम्हाला आवडतो एवढंच कारण दिसतंय. आवडायला हरकत नाही पण त्याला ‘खरा’ म्हणू नका.

व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरवणं हा जुना तर्कदोष आहे. ‘मॅन्युफॅक्चर’मध्ये ‘मानुस’ म्हणजे हात आहे, म्हणून मशीनवर बनलेल्या वस्तूला मॅन्युफॅक्चर्ड म्हणणं चूक का? शब्द कुठून आला हे त्याच्या जन्मदाखल्यावर लिहिलेलं असतं, तो आज काय काम करतो हे तिथे लिहिलेलं नसतं. बोलणाऱ्याने म्हटलं आणि ऐकणाऱ्याला कळलं की झाला तो अर्थ.

मधली सुट्टी:
एक बाळबोध शंका, ते फ्रान्समधलं नीस शहर, स्पेलिंग तेच आहे ना, त्याचा काही संबंध?

शाईचा डाग:
नाही. ते ग्रीकांनी वसवलेलं निकाया, ‘नाइके’ म्हणजे विजय त्यावरून. स्पेलिंग जुळलं हा योगायोग.

कोरी पाटी:
मी शाईचा डाग यांच्या बाजूने. आणि ही तक्रार आजची नाही, दोनशे वर्षं जुनी आहे. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’मध्ये, १८१७ च्या शेवटी आली ती कादंबरी, कॅथरीन एका पुस्तकाला नाइस म्हणते आणि हेन्री टिल्नी तिला त्या शब्दावरून धरतो. म्हणतो की आजचा दिवस नाइस, आपला फेरफटका नाइस, तुम्ही दोघी तरुणी पण नाइस, हा शब्द सगळ्यालाच चालतो. पुढे तो असंही म्हणतो की मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, नाजूकपणा, सुसंस्कृतपणा यासाठी असावा आणि आता कुठल्याही विषयावरचं कुठलंही कौतुक या एका शब्दात उरकतात. म्हणजे हा अर्थ तेव्हा तसा नवाच होता, तरी तेव्हाच कान असणाऱ्या माणसाला तो गुळगुळीत झालेला दिसत होता. मला ते पान वाचताना प्रत्येक वेळी वाटतं की आपण पण असंच बोलतो.

रानवाट:
अहो पण तेच उदाहरण माझ्या बाजूने जातं बघा. हेन्री ‘मुळात’ म्हणून जे सांगतोय ते मुळात नव्हतंच! मुळात मूर्ख होतं. त्याला स्वतःच्या आधीच्या शंभर-दोनशे वर्षांतला अर्थ माहीत होता, तोच त्याला मूळ वाटला. प्रत्येक पिढी हेच करते, आपण लहानपणी शिकलो तो अर्थ खरा आणि आपल्यानंतरच्यांनी केला तो बिघाड. शिवाय त्या प्रसंगात बरोबर कोण बोलतंय? पुस्तक आवडलं हे कॅथरीनने सांगितलं आणि ते समोरच्यांना नीट कळलं. तिची बहीण-मैत्रीण कोणी असती तर पुढची चर्चा पुस्तकावर झाली असती, शब्दावर नाही. सोबत चालणारी हेन्रीची बहीण एलिनोर पण हेन्रीलाच टोकते, की तू हिच्याशी उद्धट वागतोयस. मला एलिनोर पटते.

तिसरी ओळ:
मी इंग्रजी शिकवते म्हणून थोडं मोठं लिहितेय, समजून घ्या. दोघांचंही अर्धं अर्धं पटतंय पण खरी अडचण वेगळीच आहे असं मला वाटतं.

आधी अर्थ बदलण्याबद्दल. यात बिघाड काही नाही, आपल्याकडे हे ढिगाने झालंय. संस्कृतमध्ये ‘राग’ म्हणजे रंग, ओढ, प्रेम, मराठीत राग म्हणजे संताप. ‘शिक्षा’ म्हणजे शिकणं होतं, आपण तिचा दंड केला. आणि माझं सगळ्यात लाडकं उदाहरण ‘मृग’. जुन्या संस्कृतमध्ये मृग म्हणजे कुठलंही रानटी जनावर, म्हणून तर सिंहाला मृगराज आणि माकडाला शाखामृग म्हणतात. पुढे अर्थ आक्रसून फक्त हरीण राहिला. आता इंग्रजीतला ‘डिअर’ बघा, हरीण या अर्थाचा. तोही जुन्या इंग्रजीत कुठल्याही जनावरासाठी होता, जर्मनमध्ये त्याचाच भाऊ ‘टिअर’ अजून जनावर याच अर्थाने आहे. दोन भाषा, हजारो मैलांचं अंतर, आणि जनावराचं हरीण दोन्हीकडे झालं! मी हे वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पण मान वर करतात.

आता अडचण. जुने अर्थ मेलेले नसतात, ते छापलेले असतात. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये फ्रायर लॉरेन्सचं पत्र रोमिओपर्यंत पोचतच नाही, तेव्हा तो हळहळून म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हतं. माझे विद्यार्थी सर्रास लिहितात की पत्रात काही चांगला मजकूर नव्हता. पण तिथे नाइस म्हणजे किरकोळ, क्षुल्लक! पत्र किरकोळ नव्हतं, फार महत्त्वाचं होतं, असं तो सांगतोय. त्या एका न पोचलेल्या पत्राने दोन जीव गेले आणि मुलांना वाटतं पत्र छान नव्हतं एवढंच. त्याच नाटकात आधी बेन्व्होलिओ पण सांगतो की रोमिओने टिबॉल्टला भांडण किती ‘नाइस’ आहे याचा विचार कर म्हटलं होतं, म्हणजे किती फालतू कारणावरून आहे ते.

म्हणून रानवाट, ‘ऐकणाऱ्याला कळलं की झालं’ हे समोरासमोर बोलताना ठीक आहे. चारशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याचा ऐकणारा मी आहे आणि मला कळत नाहीये, तेव्हा काय करायचं?

रानवाट:
हा मुद्दा मानला. वाचायला व्युत्पत्ती हवीच, मी तिच्या विरोधात नाहीच मुळी. माझा विरोध तिला हातात छडी देण्याला आहे. १६००च्या नाटकाला १६००चा अर्थ लावायचा आणि आजच्या माणसाला आजचा, नियम एकच आहे ना, ज्याच्या त्याच्या काळाचा वापर. आणि १६व्या-१७व्या शतकातल्या कित्येक वाक्यांत लेखकाला ‘नाइस’चा नेमका कुठला अर्थ अभिप्रेत होता हे सांगणं अवघड आहे असं खुद्द ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने म्हटलंय. म्हणजे ज्या काळाला शाईचा डाग काटेकोरपणाचा काळ समजतायत त्या काळात हा शब्द सगळ्यात जास्त धूसर होता. मूर्ख, लाजाळू, नखरेल, क्षुल्लक, सूक्ष्म, सगळं एकाच वेळी!

उंबरठा:
स्पॅनिश शिकतोय म्हणून भर घालतो. त्याच ‘नेस्किउस’पासून स्पॅनिशमध्ये ‘नेसिओ’ झाला आणि तो आजही मूर्ख, हेकट याच अर्थाने आहे. म्हणजे एकाच आईची दोन मुलं, एक इंग्रजीत जाऊन सद्गुणी झाला, दुसऱ्याला अजून शिवी म्हणून वापरतात. असं का झालं याचं एकच एक कारण कोणी देऊ शकेल असं वाटत नाही, पायऱ्या तेवढ्या दिसतात. काही कळत नाही म्हणून बावळट, बावळट म्हणून बुजरा, बुजरा म्हणून नाजूक, नाजूक म्हणून चोखंदळ, चोखंदळ म्हणून बारकावे जपणारा, आणि बारकावे जपणाऱ्याचं सगळं छान. प्रत्येक पायरी छोटी आहे, कुठेच उडी नाही.

कोरी पाटी:
आणि ‘सिली’ नेमका उलट्या दिशेने उतरला! जुन्या इंग्रजीत ‘गेसेलिग’ म्हणजे सुखी, कृपा लाभलेला, जर्मन ‘झेलिश’ अजून धन्य या अर्थाने आहे. धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, मग मूर्ख. एक मूर्खाचा चांगला झाला, दुसरा धन्याचा मूर्ख. अर्थोत्कर्ष आणि अर्थापकर्ष शिकवायला याहून चांगली जोडी नाही.

तिसरी ओळ:
त्याला आपल्याकडे अगदी तसाच जोडीदार आहे. ‘देवानांप्रिय’. सम्राट अशोकाने शिलालेखांत स्वतःसाठी वापरलेली पदवी, देवांचा लाडका. आणि नंतरच्या संस्कृत व्याकरणात देवानांप्रिय म्हणजे मूर्ख! धन्य ते मूर्ख हा रस्ता दोन्हीकडे आहे.

शाईचा डाग:
सगळं दोनदा वाचलं. ‘खरा अर्थ’ हे माझे शब्द मागे घेते, रानवाट यांनी विचारलेल्या ‘मधलाच का’ला माझ्याकडे उत्तर नाही. पण दुसरी तक्रार मागे घेत नाही. सूक्ष्म अर्थ खरा नसेल, उपयोगाचा होता. मी सहा महिने एका लेखावर खपले होते, ज्यांच्या मताची वाट बघत होते त्यांच्याकडून उत्तर आलं एक शब्दाचं, ‘नाइस’. त्यात काय चांगलं होतं, काय नव्हतं, वाचलं तरी होतं का, काहीच कळेना. त्या दिवसापासून हा शब्द मला दार लोटून घेतल्यासारखा वाटतो.

रानवाट:
वाईट वाटलं वाचून, खरंच. सहा महिन्यांच्या कामाला एक शब्द हे चूकच. पण तिथे शब्द बदलून ‘एक्सलंट’ आलं असतं तर तुम्हाला जास्त काही कळलं असतं का? शब्द रिकामा नव्हता, उत्तर देणाऱ्याने वेळ दिला नाही. दोष चुकीच्या ठिकाणी लावला जातोय.

आणि माणसाबद्दल वापरला की ‘नाइस’ अजिबात रिकामा नसतो. माझी बहीण परदेशात एकटी आजारी पडली होती, भाषा जेमतेम, रात्रपाळीची नर्स दर तासाला येऊन विचारपूस करायची. बहिणीने फोनवर सांगितलं, ‘शी इज नाइस’. हुशार नाही म्हटलं, सुंदर नाही म्हटलं, नुसतं नाइस, आणि आम्ही घरचे सगळे त्या रात्री निवांत झोपलो. आम्हाला जे कळायला हवं होतं ते त्या एका शब्दात पोचलं. दयाळू, मायाळू हा अर्थ ‘छान’च्याही नंतरचा, १९व्या शतकातला आहे, आणि माझ्या मते या शब्दाच्या सातशे वर्षांतली ही त्याची सगळ्यात चांगली कमाई.

कोरी पाटी:
नर्सचं पटलं. हवेचं, जेवणाचं, निबंधाचं अजून नाही पटलं. मी तरी लिहिताना खोडणारच.

मधली सुट्टी:
आता मला सांगा, तो सूक्ष्म वाला अर्थ आज इंग्रजीत कुठे जिवंत आहे का? की फक्त जुन्या पुस्तकांत?

तिसरी ओळ:
आहे ना. ‘नाइसिटी’ म्हणजे बारकावा, ‘टु अ नाइसिटी’ म्हणजे अगदी तंतोतंत. आणि वकील मंडळी एखाद्या कायद्याच्या मुद्द्याला ‘अ नाइस पॉइंट’ म्हणतात तेव्हा मुद्दा चांगला असं नसतं, निवाडा करायला अवघड इतका बारीक असं असतं.

शाईचा डाग:
म्हणजे माझ्या लेखातल्यासारखंच. तिथे मी आधी ‘सूक्ष्म भेद’ केलं होतं, पण वकिलांचं हे वाचून वाटतंय ‘नाजूक भेद’ करावं. आपण ‘नाजूक प्रश्न’ म्हणतो त्यात बारीकपणा पण येतो आणि सांभाळून हाताळायचं हे पण येतं.

रानवाट:
‘नाजूक’मध्ये भावना दुखावण्याची शक्यता डोकावते, ती मुळात आहे का? तत्त्वज्ञानाचा लेख आहे ना. मी ‘सूक्ष्म’च ठेवेन.

तिसरी ओळ:
पुढच्या-मागच्या दोन ओळी द्या इथे. त्याशिवाय मी मत देणार नाही.

शाईचा डाग:
देते, रात्री बसून टाइप करते.