मदत हवी आहे: ‘पीटर रॅबिट’ची ही प्रत खरंच १९०२ ची पहिली आवृत्ती आहे का?

नमस्कार मंडळी,

एरवी मी नुसतीच वाचत असते, पण आता अडलंय. शनिवारच्या आत उत्तर मिळालं तर बरं, कारण दुकानदाराकडे माझे शंभर पौंड अडकलेत.

आम्ही इंग्लंडात केंडलच्या बाजूला राहतो. ‘पीटर रॅबिट’ ही सशाची गोष्ट लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटरचं घर, हिल टॉप, इथून जवळच, त्यामुळे सशाबेडकांची चित्रं असलेले कप, रुमाल, बिस्किटांचे डबे बघून बघून डोळे विटलेत. जुनं पुस्तक मात्र कधी हातात आलं नव्हतं. गेल्या आठवड्यात एका जुन्या वस्तूंच्या दुकानात (नाव लिहीत नाही) ते दिसलं. तळहातावर मावेल एवढं. करडा पुठ्ठा, त्यावर चिकटवलेलं पीटरचं चित्र, कोपरे घासून घासून कापसासारखे झालेले. शीर्षकपानाच्या मागे स्वच्छ छापलंय: कॉपीराइट १९०२. दुकानदार म्हणाला, “फर्स्ट एडिशन आहे, साडेसहाशे पौंड.” मी शंभर देऊन ठेवायला सांगितलं. नवऱ्याला कळल्यावर त्याने फक्त बॉयलरकडे बघितलं.

लेक पुढच्या महिन्यात १८ ची होतेय. तीन वर्षांची असताना तिला रोज रात्री हेच पुस्तक लागायचं. मी चित्रं दाखवत मराठीतून सांगायचे, पीटर ज्यांच्या बागेत शिरतो ते मिस्टर मॅकग्रेगर आमच्याकडे ‘माळीबुवा’ होते. म्हणून एवढा जीव अडकलाय.

घरी येऊन थोडंफार वाचलं. सहा प्रकाशकांनी नाकारल्यावर बाईंनी १९०१ च्या डिसेंबरात स्वतःच्या खर्चाने २५० प्रती काढल्या, दोन महिन्यांनी आणखी २००. त्यात मुखचित्र तेवढं रंगीत, बाकी चित्रं रेषांची. माझं पुस्तक त्यातलं नाही हे मलाही कळतं, ह्यात सगळी चित्रं रंगीत आहेत. म्हणजे फ्रेडरिक वॉर्न कंपनीने ऑक्टोबर १९०२ मध्ये काढलेली आवृत्ती असावी, असा माझा समज.

फोटोंवरून सांगते. पुठ्ठा उघडल्यावर लगेच जी दुहेरी पानं येतात त्यांवर रंगीत चित्रं आहेत. पहिल्या कोऱ्या पानावर शाईने एका मुलीचं नाव आणि ‘ख्रिसमस १९२४’. दुकानदार म्हणतो की ते नंतर कुणीतरी भेट देताना लिहिलं असेल, त्याने पुस्तकाचं वय बदलत नाही. पटण्यासारखं आहे, पण मनात पाल चुकचुकतेय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनी_पानं: ताई, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. कॉपीराइट १९०२ म्हणजे हक्क १९०२ पासूनचे, छपाई नव्हे. ती ओळ पुढे कितीतरी वर्षं तशीच छापत राहिले. आपल्याकडे ‘पहिली आवृत्ती’, ‘पाचवे पुनर्मुद्रण’ असं तारखांसकट शिस्तीत लिहिलेलं असतं, त्याची सवय झाल्यामुळे आपण फसतो. इथे पुस्तकच वाचावं लागतं.

सगळ्यात आधी एंडपेपर, म्हणजे तुम्ही म्हणताय ती दुहेरी पानं. सुरुवातीच्या मुद्रणांत त्यांवर पानांची फिकट नक्षी आहे, सगळी एकाच रंगात. रंगीत चित्रांचे एंडपेपर आले १९०३ मध्ये. तुमच्यात रंगीत आहेत म्हणजे पहिल्या मुद्रणाचा प्रश्न तिथेच मिटला. तरी खात्रीसाठी, पीटरच्या कोटाची बटणं जाळीत अडकतात ते पान काढा. पहिल्या तीन मुद्रणांत तिथे ‘वेप्ट बिग टिअर्स’ (मोठमोठे अश्रू रडला) आहे, ५१ व्या पानावर. चौथ्यापासून ‘शेड बिग टिअर्स’ (अश्रू ढाळले) झालं. मला विचाराल तर ‘वेप्ट’ जरा ओबडधोबडच वाटायचं, पण त्या एका शब्दासाठी लोक हजारो पौंड मोजतात.

खारुताई: आणि पाय बघा, पाय! म्हणजे खायचा ‘पाय’, सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ. पीटरच्या वडिलांचं मॅकग्रेगरबाईंनी पाय केलं हे वाक्य आहे ना, त्यासोबत बाई पाय वाढतेय असं चित्र आधी होतं. रंगीत एंडपेपरसाठी जागा करताना चार चित्रं गाळली, त्यात हेही गेलं. २००२ च्या शताब्दी आवृत्तीत परत घातलं. चित्र नसेल तर १९०३ चं किंवा नंतरचं समजा.

मुंबईकर_लंडनात: शीर्षकपानावर वॉर्न कंपनीच्या नावापुढे ‘लिमिटेड’ आहे का? तसं असेल तर १९१९ नंतरचं. कंपनीच्या वॉर्न भावांपैकी हॅरॉल्ड १९१७ मध्ये बनावट हुंड्यांच्या (पैसे देण्याच्या व्यापारी चिठ्ठ्यांच्या) भानगडीत तुरुंगात गेला, कंपनी बुडता बुडता वाचली आणि नव्याने लिमिटेड म्हणून उभी राहिली. पॉटरबाईंनी त्या काळात कंपनी तगवायला नवी पुस्तकंही करून दिली.

जाता जाता: अमेरिकेत वॉर्नने कॉपीराइट नोंदवायचाच राहिला. त्यामुळे तिकडे १९०४ पासून चोरून छापलेल्या प्रती निघाल्या. त्याही जुन्या म्हणून विकतात, त्यांच्या नादी लागू नका.

जुनी_पानं: बरोबर. अजून एक, पहिल्या मुद्रणाच्या आठ हजार प्रती होत्या, त्या बाजारात यायच्या आधीच सगळ्यांची आगाऊ मागणी नोंदवून झालेली. वर्ष संपेपर्यंत २८ हजार छापून झाल्या. म्हणजे ‘१९०२ चं पुस्तक’ आणि ‘पहिलं मुद्रण’ ह्यातसुद्धा फरक आहे. दुकानदार ‘फर्स्ट एडिशन’ म्हणाला की विचारायचं, फर्स्ट प्रिंटिंग का? लेखी द्याल का? पावतीवर काय लिहिलंय?

धागाकर्ती: पावतीवर फक्त ‘जुने बालपुस्तक, अनामत’ असं लिहिलंय. आत्ता बघितलं. शुक्रवारी जाऊन येते.

धागाकर्ती (शुक्रवार रात्र): जाऊन आले. ‘शेड’ आहे. पायचं चित्र नाही, दोनदा पानं उलटली. आणि ‘लिमिटेड’ भिंग न लावताही दिसतंय. म्हणजे १९२४ च्या ख्रिसमसला त्या मुलीला बहुधा कोरं करकरीतच मिळालं होतं. दुकानदाराला एकेक पान दाखवलं. आधी घुश्शात होता, मग म्हणाला, घरातलं सामान उचलताना पेटीत आलं, मला कुणी सांगितलं तेच मी सांगितलं. अनामत परत करायला तयार नव्हता. शेवटी शंभरातच पुस्तक घेऊन आले. महाग पडलं का?

जुनी_पानं: कोपरे तसे असतील तर थोडं महागच. पण साडेपाचशे वाचले.

धागाकर्ती: एक शेवटचं. एका चित्रात कुणीतरी पेन्सिलीने माळीबुवांना मिशा काढल्यात. ओलं कापड, खोडरबर, काही चालेल का?

खारुताई: ओलं तर अजिबात नको, कागदाचा मुलामा निघेल. मऊ खोडरबराने हलकेच जातीलही.

जुनी_पानं: १९२४ च्या मिशा आहेत त्या. राहू द्या.