प्रति: पावसाळ्यात रेकॉर्ड संथ वाजते
रत्नागिरीच्या पावसात रेकॉर्ड प्लेअरवर रेकॉर्ड संथ वाजते या प्रश्नावर वरच्या उत्तरांत सगळे मोटरचा वेग जुळवायचा स्क्रू फिरवायला सांगताहेत. तो आधी नकोच! थाळी फिरवणारा रबरी पट्टा काढून पुली (मोटरच्या दांड्यावरची चकरी, जिच्यावरून पट्टा फिरतो) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दमट हवेत तिच्यावर मळ धरतो आणि पट्टा घसरतो. सैल पट्टा बदलाच. मग रेकॉर्डच्या लेबलावर स्ट्रोब चकती (वेग तपासायची, रेघा छापलेली चकती) ठेवून, सुई टेकवूनच तपासा: ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांचे वर्तुळ बघा, वेग बरोबर असेल तर त्या स्थिर दिसतात. उजेड निऑनचा हवा, बहुतेक एलईडीखाली रेघा स्थिर दिसत नाहीत. रेघा फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर वेग जास्त, उलट्या सरकल्या तर कमी. डीसी मोटरच्या बुडाशी भोक असेल तर आतला प्रीसेट (वेग जुळवायचा तोच स्क्रू) आता केसभरच फिरवा. एसी सिंक्रोनस मोटरचा वेग मात्र विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. तिथे ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेली पुली आपल्या ५० हर्ट्झवर चालवत असाल तर रेकॉर्ड सुमारे १७ टक्के संथच वाजणार, पुलीच बदलावी लागेल.